गायके काकांची आचारसंहिता

माझ्या बायकोनं एकदा गायके काकांना सहज विचारलं, "काका, भाचीला वाढदिवसाला एखादं चांगलं कॉमिक्स द्यायचंय. कोणतं देऊ?"

काकांनी हातातला कप बशीत ठेवला, दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सूनबाई, आचारसंहिता लागलेली हाये. निकाल लागंपर्यंत मला या विषयावर बोलता येत नाय."

मग अर्धा राहिलेला चहा तसाच ठेवून ते उठले आणि चपला घालून घरी गेले. त्या वर्षी मी एका पुस्तकाचं नाव पुरस्कारासाठी सुचवलं होतं. नाव सुचवणाऱ्याच्या घरी निवडणूक अधिकाऱ्यानं चहा घेणं नियमात बसत नाही, हे त्यांना कप अर्धा झाल्यावर आठवलं होतं. उरलेला अर्धा कप ते निकालानंतर येऊन पिऊन गेले. अर्थात नवा, गरम केलेला. पण अर्धाच.

ही निवडणूक कसली, ते सांगतो. कॉमिक्सवेड्या माणसांचा आमचा इंटरनेटवर एक गट होता, 'रंगीत पानं' नावाचा. लातूर, नागपूर, पुणे, बीड, कोल्हापूर, कुठकुठली दीड-दोनशे माणसं. कोणी बँकेत, कोणी शिक्षिका, कोणी माझ्यासारखा वाळूजच्या औषध कंपनीत. लहानपणी वाचलेल्या चित्रकथांबद्दल बोलायचं, नव्या कोणी काढल्या तर एकमेकांना कळवायचं, एवढाच उद्योग. वर्षातून एकदा त्या वर्षीच्या उत्तम कॉमिक्सना पुरस्कार द्यायचे. पुरस्कार म्हणजे एक प्रमाणपत्र, टपालानं. दुसऱ्या कुठल्याही गटानं हे काम हसत-खेळत उरकलं असतं. आमच्याकडं ते गायके काकांच्या हातात होतं.

भानुदास गायके एका सरकारी ऑफिसातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा माणूस. संभाजीनगर चहूबाजूंनी पसरत होतं, ज्वारीच्या वावरांत खांब रोवून प्लॉट पडत होते, त्या काळात निम्म्या नव्या वस्त्या आधी काकांच्या टेबलावरच्या कागदावर उभ्या राहिल्या आणि मग जमिनीवर. त्यामुळं ते रस्त्यानं चालताना माणसांकडं बघत नसत, रस्त्याकडं बघत. "हा बारा मीटरचा हाये. वापरात नऊच हाये. तीन मीटर गेले कुठं?" असं स्वतःशीच बोलत. समोरून कोणी नमस्कार केला तर तो त्यांना तीन मीटर पुढं गेल्यावर कळे.

नोकरीत त्यांनी अकरा निवडणुकांची ड्यूटी केली होती. बाकीचे लोक ती ड्यूटी रद्द करून घेण्यासाठी डॉक्टरचे दाखले जमवायचे. काका मात्र आदेश आला नाही तर स्वतः चौकशीला जायचे. मतपेटीला लाख लावणं, शिक्का मारणं, शेवटच्या मतदारानंतर दार बंद करणं यात त्यांना जे सुख मिळे, ते इतर लोकांना लग्नाच्या पंगतीत मिळतं. निवृत्तीनंतर ते सुख संपलं. मग ते आमच्या गटात आले, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एक्केचाळीस कलमांची पुरस्कार-नियमावली पाठवली. आम्ही ती वाचली नाही, पण एवढी मोठी आहे म्हटल्यावर मान्य केली.

नामांकन अर्ज, अर्जांची छाननी, हरकती, माघारीची मुदत, मतदार यादी, दहा दिवस मतदान, मतमोजणी, निकाल. प्रत्येक मतदाराला क्रमांक. मत देताना ते का दिलं याची एक ओळ लिहिणं सक्तीचं. "नुसता शिक्का मारायला हे काय विधानसभा हाये?" असं काका म्हणत, आणि मग इतर सगळं विधानसभेसारखंच करत. ईमेलवर आलेलं प्रत्येक मत ते कागदावर छापून घेत, घडी घालत, आणि बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकत. डब्याला लाख.

मला त्यांनी निरीक्षक नेमलं होतं. मी शेजारी राहायचो, एवढीच माझी पात्रता. मतमोजणीला मी त्यांच्या पुढच्या खोलीत जाऊन बसायचं आणि ते प्रत्येक चिठ्ठी वाचतील तेव्हा "पाहिलं" म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नसे.

एका वर्षी, दुष्काळाच्या सलग तिसऱ्या उन्हाळ्यात, मोजणी ऐन रंगात आली आणि गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं, पाणी आलं!" नळ तेव्हा आठ-नऊ दिवसांनी यायचा आणि पाऊण तासात जायचा. पाणी न सुटलेल्या आठवड्यात टँकरपुढं रांग. अशा दिवसांत पाणी आल्यावर माणूस अंगावर साबण असला तरी धावतो. काकूंनी आतून हाक मारली, "अहो, मोटर लावा! ड्रम घ्या!" काका जागचे उठले, चिठ्ठ्या डब्यात घातल्या, काडी पेटवली, लाख वितळवली, डबा सीलबंद केला, मला बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं, कुलपावर कागद चिकटवला, त्यावर माझी सही घेतली, आणि मग ड्रम घेऊन आले. तोवर निम्मं पाणी येऊन गेलं होतं. काकू चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काका मला म्हणाले, "पाणी काय, पुढच्या आठवड्यात बी येईन. मतमोजणीवर एकदा संशय आला तर तो जात नाय."

त्यांच्या निकालपत्रांचे काही नमुने मी जपून ठेवलेत. 'सर्वोत्कृष्ट खलनायक' या गटात एका दरोडेखोराचं नामांकन होतं. नागपूरच्या एका सभासदानं हरकत घेतली की हा दरोडेखोर आधीच्याच अंकात कड्यावरून पडून मेलेला आहे, मयत उमेदवाराचा अर्ज कसा चालेल? काकांनी तीन दिवस विचार केला आणि निर्णय दिला : "मयत उमेदवार नियमात बसत नाही. तथापि चित्रकथेत कड्यावरून पडलेला इसम पुढील अंकात परत येतो असा पूर्वानुभव असल्याने, प्रेत प्रत्यक्ष दाखवलेले नसल्यास उमेदवार हयात समजण्यात यावा. अर्ज वैध."

दुसऱ्या एका वर्षी एकाच कॉमिक्सला चाळीस मतं आली. चाळीस वेगवेगळी नावं, पण सगळ्यांनी 'उत्कृष्ट' हा शब्द 'उत्क्रुश्ट' असा लिहिलेला. मी म्हणालो, काढून टाका सगळी. काका म्हणाले, "बाजू ऐकल्याबिगर नाय." त्यांनी चाळीस जणांना चाळीस स्वतंत्र पत्रं पाठवली. चौथ्या दिवशी उत्तर आलं : "काका, माफ करा, मी एकटाच आहे. माझं पुस्तक कोणीच वाचलेलं नाही." काकांनी एकोणचाळीस मतं बाद केली, एक ठेवलं, आणि स्वतःच्या पैशानं त्या माणसाच्या पुस्तकाच्या दोन प्रती मागवल्या. एक त्यांनी वाचली. दुसरी मला दिली आणि सांगितलं, "बरं हाये. पण हे मी बोललो नाय."

आणि प्रमाणपत्रं! ती ते हातानं लिहीत. नकाशाच्या पेनानं, शाईनं, एकसारख्या उंचीच्या अक्षरांत. एकेका प्रमाणपत्राला दोन दिवस. ज्यांना ती मिळाली त्यांनी चौकट करून भिंतीवर लावली. इतका वेळ आपल्या नावाकडं कोणीतरी बघत बसलं होतं, हे त्या अक्षरांवरून समजायचं.

अशी दहा वर्षं गेली. काकांनी या दहा वर्षांत एकही तारीख पुढं ढकलली नाही, एकही मत उशिरा घेतलं नाही. साताऱ्याची एक शिक्षिका मुदत संपल्यावर चार मिनिटांनी मत पाठवून रडकुंडीला आली होती. काकांनी तिला कळवलं होतं, "ताई, दार बंद झालं. तुमचं दुःख नोंदवून घेतलं आहे."

म्हणून अकराव्या वर्षी जे झालं त्यानं सगळ्यांनाच धक्का बसला.

त्या वर्षी चुरस होती. एक पुस्तक पुण्याच्या एका नावाजलेल्या चित्रकाराचं होतं, गुळगुळीत कागदावर छापलेलं. दुसरं बीडच्या एका मुलीनं स्वतः काढून झेरॉक्स करून विकलेलं, 'टँकर नंबर नऊ'. टँकरच्या ड्रायव्हरची गोष्ट. दोन्हींना मतं जवळपास सारखी पडणार हे गटातल्या गप्पांवरून दिसत होतं. मतदानाचा शेवटचा दिवस आला, सहा वाजले, आणि डब्याला लाख लावण्याऐवजी काकांनी गटावर लिहिलं : "मतदानाची मुदत आठ दिवसांनी वाढविण्यात येत आहे. — निवडणूक अधिकारी."

कारण दिलं नाही.

मी पळत त्यांच्याकडं गेलो. ते पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले होते.

"काका, हे काय? कशासाठी?"

"मतं यायचीत."

"कोणाची?"

"ते सांगता येत नाय. मतदान गुप्त असतं."

"पण कलम काय? मुदतवाढीचं कलमच नाही आपल्याकडं."

"नाय," काका म्हणाले. "नाय खरं."

एवढंच. त्यानंतरचे आठ दिवस ते सकाळ-संध्याकाळ त्या पडद्यासमोर बसून होते. मी जाताना-येताना खिडकीतून बघायचो. तिकडं गटावर आग लागली होती. गायके साहेब आपल्या भागातल्या मुलीसाठी मतं गोळा करतायत, असं पुण्याच्या एकानं लिहिलं, आणि मग सगळेच लिहायला लागले. ज्यांच्या प्रमाणपत्रांवर काकांनी दोन-दोन दिवस घालवले होते तेही. काका उत्तर देत नव्हते. मग लोक माझ्याकडं वळले. निरीक्षक काय करतोय? निरीक्षक झोपलाय का?

इथं मी माझ्याबद्दल खरं सांगायला पाहिजे. मला त्या आठवड्यात जरा मजाही येत होती. दहा वर्षं मी नुसतं "पाहिलं, पाहिलं" म्हणत होतो, आणि आता पहिल्यांदा दीडशे लोक माझं म्हणणं ऐकायला थांबले होते. पुण्याच्या त्या चित्रकारानं स्वतः मला फोन केला, गोड बोलला, तुमच्यासारख्या निःपक्ष माणसाची गरज आहे म्हणाला. शेजारच्या घरी जाऊन काकांना नीट बसवून विचारावं, काकूंना विचारावं, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण मी लिहायला बसलो.

मी लिहिलं : "निरीक्षक म्हणून खेदाने नमूद करतो की मुदतवाढीला नियमावलीत कोणताही आधार नाही. अधिकाऱ्यांनी प्रक्रियेचा भंग केला आहे. त्यांनी पदावर राहू नये." ही भाषा मी त्यांच्याचकडून शिकलेलो होतो.

पंधरा मिनिटांत काकांचं उत्तर आलं : "निरीक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. मी पद सोडत आहे." थोड्या वेळानं दार वाजलं. काका स्वतः डबा घेऊन उभे होते, नियमावलीची प्रत वर ठेवलेली. "मोजून घ्या," म्हणाले. "एकशे बारा हायेत." आत या म्हणालो तर आले नाहीत.

मतं मी मोजली. पुण्याचं पुस्तक जिंकलं. आठ दिवसांत एकही नवं मत आलेलं नव्हतं, कोणाचंच. हे मी गटावर एका ओळीत जाहीर केलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

महिनाभर काका गल्लीत दिसले की नमस्कार करायचे, नेहमीसारखा. मीच बाजूला बघायचो. शेवटी एका सकाळी टँकरच्या रांगेत काकू माझ्यापुढं उभ्या राहिल्या. हातात दोन हंडे. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दिनेश, तुमच्या यादीत सतरा नंबर कोण हाये, माहीत हाये का तुला?"

"नाही. क्रमांकावरून नाव फक्त काकांना माहीत."

"मला त्यांनी कधी सांगितलं नाय. पन मला कळतं. आमचे भाऊजी हायेत ते. यांचे थोरले भाऊ, रंगनाथअण्णा."

रांग पुढं सरकत होती आणि काकू बोलत होत्या. अण्णांचं गुलमंडीच्या बाजूला चित्रकथा भाड्यानं द्यायचं दुकान होतं, पुढं लाकडी फळ्या आणि मागं एक बाक. वडील लवकर गेलेले. त्या दुकानावर अण्णांनी धाकट्या भावाला शिकवलं, आणि त्या बाकावर बसून धाकटा भाऊ वाचायला आणि पुढं अक्षरं काढायला शिकला. मग शहर वाढलं, रस्ते रुंद करायचं ठरलं, आणि त्या रस्त्याचा नकाशा काकांच्या टेबलावर आला. रुंदीकरणाची रेघ दुकानाच्या मधोमध गेली. अण्णा एकदाच घरी आले, म्हणाले, चार फूट इकडं-तिकडं होतं का बघ. काका म्हणाले, रेघ वरून येते, मी फक्त काढतो. दुकान पडलं. अण्णा जालन्याला लेकीकडं गेले ते परत आले नाहीत, आणि त्यानंतर दोघं बोलले नाहीत. बारा वर्षं.

"मग तुमचे ते पुरस्कार सुरू झाले," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षापासून सतरा नंबरचं मत यायला लागलं. ते आलं ना, त्या दिवशी हे जेवताना एक भाकर जास्त खायचे. मी पयलं दोन वर्षं नुसतं बघितलं. मग एकदा त्यांच्या मागं उभी राहून वाचलं. लिहिलं व्हतं, 'शंभर हातांत फिरलं तरी पानं सुटनार नाहीत असं पुस्तक.' असं दुसरं कोन लिहिनार? दर वर्षी हे मत आलं की यांना कळायचं, अण्णा हायेत, बरे हायेत. यंदा आलं नाय."

माझे हंडे भरायचे राहिले. मी तसाच काकांकडं गेलो, मागोमाग काकूही आल्या. ते अंगणात खुर्चीवर बसून पेनाची निब पुसत होते.

"काका, जालन्याला चला."

त्यांनी काकूंकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. "मतदाराच्या घरी अधिकारी जात नसतो."

"तुम्ही आता अधिकारी नाही."

ते निब पुसत राहिले. मग म्हणाले, "व्हय. ते बी हाये."

दुसऱ्या दिवशी मुकुंदवाडी स्टेशनवरून आम्ही पॅसेंजर धरली. दोन्हीकडं रान उघडं पडलेलं, विहिरींच्या तळाला माणसं उतरलेली दिसत होती. काकांनी मांडीवर पिशवी धरलेली. मी विचारलं नाही तरी एकदा आपणहून म्हणाले, "फोन करून विचारता आलं असतं. पन फोनवर काय बोलायचं, ते ठरंना." सव्वा तासात जालना आलं. सव्वा तास. मला वाटलं होतं जास्त लागेल.

अण्णांच्या लेकीनं दार उघडलं, सुनंदा तिचं नाव. काकांना बघून ती क्षणभर थांबली, मग पदर सावरून वाकली. आत खाटेवर एक उंच म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. चेहरा काकांचाच, फक्त दहा वर्षं पुढचा. डोळे उघडे होते पण आमच्याकडं वळले नाहीत.

"कोन हाये, सुनंदे?"

काका दारात चपला काढत होते.

"एवढा येळ चपला काढायला एकच मानूस लावतो," अण्णा म्हणाले. "भान्या हाये का?"

काका आत आले आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसले. बारा वर्षांनी भावाला भेटलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलेल, याचा मी गाडीत बराच विचार केला होता. काका म्हणाले, "अण्णा, यंदा मत नाय आलं."

"दिसत नाय रं आता. साखरेनं डोळे खाल्ले. दिवाळीपासून अंधारच हाये."

"सुनंदाला सांगून द्यायचं."

"गुप्त असतं म्हने तुमचं." अण्णा हसले. दात नव्हते फारसे. "तिला सांगून दिलं असतं तर तू बाद केलं असतंस."

काकांनी बादच केलं असतं.

सुनंदानं पाणी आणलं, तांब्याऐवजी छोट्या पेल्यातून. तिकडंही तेच दिवस होते. अण्णांनी पेला चाचपून घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "तुला ठाऊक व्हतं ना, मी हाये ते?"

"व्हय."

"मला बी वाटलंच व्हतं. पयल्या वर्षी नातीनं मोबाईलवर तुझा निकाल दाखवला. सगळी मिळून सहा मतं. म्हनलं, एवढी नियमावली लिहून हा बसला आन सहाच मतं? टोपननावानं सातवं आपन देऊ. नंतर सवय लागली." पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "भान्या, एक सांग. खरं सांग. ती रेघ सरकली असती का?"

मी उठायला लागलो. काकांनी हातानंच मला खाली बसवलं. कदाचित निरीक्षक हजर असावा असं त्यांना वाटलं असेल. बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं.

"सरकली असती," ते म्हणाले. "समोर गोदामाची भिंत व्हती, रिकामी. मी मोजलं व्हतं. चार कामून, पाच फूट सरकली असती. साहेबानं मला विचारलं बी व्हतं, गायके, इकडून घ्यायची का तिकडून."

"मग?"

"भावासाठी सरकवली म्हनले असते लोक."

अण्णांनी मान हलवली. "आन नाय सरकवली तेव्हा काय म्हनले?"

"कायच नाय," काका म्हणाले. "कोनाला पत्ता बी नव्हता की ते तुझं दुकान हाये."

त्यांचा आवाज तसाच होता, निकाल वाचल्यासारखा, पण चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातलाच नाही. अण्णांनी हात पुढं केला. तो आधी स्टुलाला लागला, मग काकांच्या गुडघ्याला. तिथंच राहिला.

"पिशवीत काय आनलंय?" अण्णा म्हणाले. "कागदाचा वास येऊ राह्यला."

काकांनी 'टँकर नंबर नऊ' काढलं आणि वाचायला लागले. अक्षरं वाचून झाली की अण्णा विचारायचे, "चित्रात काय हाये?" काका नकाशा सांगावा तसं सांगायचे : डाव्या बाजूला टँकर, उजवीकडं बायांची रांग, अकरा बाया, मधी रस्ता.

"तोंडं कशी हायेत त्यांची?"

काका अडले. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. आयुष्यात पहिल्यांदा ते रांगेची लांबी सोडून रांगेतल्या माणसांकडं बघत असावेत. "एक म्हातारी हाये," ते हळूहळू म्हणाले. "ती चिडलेली हाये. तिच्या मागची... थांब... मागची हसू राह्यली. दात दाबून."

"का हसू राह्यली?"

"बघतो," काका म्हणाले, आणि पान उलटलं.

त्यानंतर दर रविवारी काका जालन्याला जायला लागले. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी. पिशवीत चार पुस्तकं. हे एक वर्ष आणि तीन महिने चाललं. मग एका पावसाळ्यात, चांगला पाऊस झाला होता त्या वर्षी, अण्णा झोपेत गेले.

आमचे पुरस्कार अजून होतात. नवीन मंडळी आहेत. फोनवर बोट दाबलं की मत, दुसऱ्या दिवशी निकाल, चार-पाचशे मतं पडतात. एकाच नावानं तिघं मत देतात आणि कोणी हरकत घेत नाही. प्रमाणपत्र छापील असतं. मागच्या वर्षी मी काकांकडं गेलो आणि म्हणालो, परत तुम्ही हातात घ्या, मी सगळ्यांशी बोलतो. ते नको म्हणाले. रागानं नाही. "मोजायला मी कधी बसतच नव्हतो रे," म्हणाले. "वाट बघायला बसायचो. आता कोनाची बघू?"

मी धीर करून बोललो. हे मला दोन वर्षं बोलायचं होतं. "काका, ते मी लिहायला नको होतं. आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"कामून?" काकांनी खरंच आश्चर्यानं विचारलं. "बरोबरच लिहिलं तू. मुदत मी वाढवलीच व्हती. कलम नव्हतं."

मी आणखी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्यात माझी चूक नेमकी कुठं आहे हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. ते रागावले असते तर मला माफी मागता आली असती. थोड्या वेळानं काकूंनी चहा आणला आणि काकांनी माझ्यासोबत पूर्ण कप घेतला.